अर्धे घर झाडून थांबणारा रोबो : किनाऱ्यावरच्या घरांसाठी दोन स्वस्त यंत्रांची तुलना आणि दुरुस्तीचा क्रम

रोबो व्हॅक्यूम क्लीनर सकाळी सुरू करून द्यावा, आपण आपल्या कामाला लागावे, आणि तासाभराने येऊन पाहावे तर माजघर अर्धेच झाडलेले आणि यंत्र खोलीच्या मध्यभागी लाल दिवा लावून उभे, अशी तक्रार आमच्या किनाऱ्यावरच्या घरांतून वारंवार ऐकू येते. यंत्र उचलून पुन्हा सुरू केले की ते काही वेळ चालते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच थांबते. दुकानदार सॉफ्टवेअर अद्ययावत करायला सांगतो, आणि त्यानेही फरक पडला नाही की "आपल्याकडे ही यंत्रे चालत नाहीत" असा निष्कर्ष काढून यंत्र माळ्यावर जाते. हा निष्कर्ष चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे. बहुतेक वेळा यंत्र बिघडलेले नसते. ते ज्या फरशीवर आणि ज्या हवेत चालते त्यांच्याशी त्याचा मेळ बसलेला नसतो, आणि तो मेळ घरच्या घरी, फारसा खर्च न करता बसवता येतो.

आमच्या चिऱ्याच्या जुन्या घरात जायरोस्कोपवर चालणारे साधे यंत्र आहे आणि रत्नागिरीतील बहिणीच्या फ्लॅटमध्ये लेझरवर चालणारे आहे. दोन्ही स्वस्त गटातीलच आहेत. कोणता दोष यंत्राचा आणि कोणता घराचा हे कळावे म्हणून आम्ही दोन्ही यंत्रे दोन्ही घरांत फिरवून पाहिली. यंत्रांची नावे येथे देत नाही, कारण पुढे सांगितलेले गुणदोष एखाद्या कंपनीचे नसून त्या त्या प्रकारच्या यंत्रांचे आहेत.

दोन यंत्रांत खरा फरक कोणता

घरगुती रोबो व्हॅक्यूमचा व्यापक प्रसार आयरोबोट कंपनीच्या रूम्बापासून, म्हणजे २००२ सालापासून झाला. ती पहिली यंत्रे आपटत, वळत, जवळजवळ अंदाजानेच फिरत असत. आजचे साधे यंत्र त्याच्या पुढे गेले आहे. त्यात वळण मोजणारा जायरोस्कोप असतो, चाकांचे फेरे मोजणारा भाग असतो, आणि या दोहोंवरून आपण किती पुढे आलो व कोणत्या दिशेला वळलो याचा हिशेब ठेवत ते नांगरटीसारख्या समांतर ओळींत फिरते. मात्र त्याला खोली दिसत नाही. ते केवळ स्वतःच्या हालचालीचा हिशेब ठेवते, आणि त्या हिशेबात आलेली चूक प्रत्येक वळणागणिक वाढत जाते.

लेझर यंत्राच्या डोक्यावर एक लहानसा बुरूज असतो. त्यातील लेझर सेकंदाला अनेक वेळा गोल फिरून चहूबाजूंच्या भिंतींचे अंतर मोजतो आणि त्यावरून खोलीचा नकाशा तयार करतो. हे तंत्र घरगुती यंत्रांत नीटो या कंपनीने २०१० च्या सुमारास आणले आणि शाओमीने २०१६ मध्ये आपले पहिले यंत्र काढल्यानंतर ते मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात येऊ लागले. या यंत्राचा हिशेब चुकला तरी भिंती पाहून ते तो दुरुस्त करते. अंधारातही त्याला अडचण येत नाही. त्या बदल्यात बुरुजामुळे त्याची उंची साडेनऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत जाते, तर साधे यंत्र साडेसात-आठ सेंटिमीटरमध्ये मावते. जुन्या पलंगाखाली आणि दिवाणाखाली केर काढायचा असेल तर हा दोन सेंटिमीटरचा फरक फार मोठा ठरतो, म्हणून खरेदीपूर्वी पट्टी घेऊन ही उंची मोजावीच.

जाहिरातींत सर्वांत ठळक छापलेला आकडा पास्कलचा, म्हणजे ओढण्याच्या दाबाचा असतो. गुळगुळीत फरशीवर, जिथे गालिचे जवळजवळ नसतातच, तिथे दोन हजार पास्कल पुरेसे होतात आणि त्यापुढचा आकडा आपल्या तक्रारीशी संबंधित नसतो. अर्ध्यात थांबणारा रोबो दाब कमी पडल्यामुळे थांबत नाही.

आधी हे ठरवावे : यंत्र कुठे थांबते, केव्हा थांबते

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी काही दिवस फक्त निरीक्षण करावे. थांबण्याची जागा खडूने फरशीवर खूण करून ठेवावी आणि वेळ लिहून ठेवावी. ते रोज एकाच जागी थांबत असेल तर कारण फरशीत आहे. जागा बदलते पण वेळ तीच असते, किंवा ऊन आत आल्यावरच असे होते, तर कारण प्रकाशात आहे. उन्हाळाभर नीट चालून ते मृगाच्या पावसानंतर थांबू लागले असेल तर कारण खाऱ्या दमट हवेत आहे. आणि जागेचा, वेळेचा, ऋतूचा काहीच मेळ लागत नसेल, तर चाके, ब्रश आणि वीजपुरवठा तपासावा. ही विभागणी करण्याआधीच यंत्र कारखान्यातील मूळ स्थितीवर आणण्याचा, म्हणजे फॅक्टरी रिसेटचा उपाय करू नये. त्यात लेझर यंत्राचा साठवलेला नकाशा पुसला जातो आणि मूळ कारण मात्र तसेच राहते.

रोज एकाच जागी : काळी फरशी

आमच्या भागात ही तक्रार सर्वांत जास्त आढळते आणि सर्वांत जास्त गैरसमजही तिच्याविषयीच आहे.

यंत्राच्या पोटाशी, पुढच्या कडेजवळ, काळसर काचेच्या काही लहान खिडक्या दिसतात. हे क्लिफ सेन्सर. प्रत्येक खिडकीतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश खाली फरशीवर टाकला जातो आणि परत आलेला प्रकाश शेजारचा प्रकाश टिपणारा भाग मोजतो. फरशी जवळ असेल तर प्रकाश परत येतो. पायरीची कड आली की प्रकाश खोल जातो, पुरेसा परत येत नाही, आणि यंत्र मागे सरते. ओटीवरून खळ्यात पडण्यापासून यंत्राला वाचवणारी व्यवस्था ती हीच.

अडचण अशी की काळा रंग अवरक्त प्रकाशही शोषून घेतो. दाराच्या चौकटीखाली बसवलेली काळ्या कडप्प्याची पट्टी, मोझॅक फरशीच्या कडेने फिरवलेली काळी किनार, देवघरासमोरचा काळा चौकोन, किंवा काळा रंग घालून घोटलेला कोबा, हे सर्व यंत्राला खोल खड्ड्यासारखे भासते. लाल कोब्यावर मात्र ही अडचण सहसा येत नाही, कारण लोहयुक्त लाल रंग अवरक्त प्रकाश बऱ्यापैकी परावर्तित करतो. म्हणूनच एकाच घरात लाल कोब्याचे माजघर स्वच्छ झाडले जाते आणि काळी पट्टी ओलांडून जायची खोली रोज तशीच राहते.

येथे दोन्ही यंत्रांची तुलना विशेष महत्त्वाची आहे. महाग यंत्र घेतले की ही अडचण जाईल असे अनेकांना वाटते, आणि तसे होत नाही. क्लिफ सेन्सर दोन्ही यंत्रांत त्याच तत्त्वावर चालतो. बहिणीचे लेझर यंत्र आमच्या घरी आणले तेव्हा त्याने दारापलीकडची खोली नकाशात व्यवस्थित दाखवली, पण काळी पट्टी ओलांडायला ते तयार झाले नाही. ते पट्टीपाशी पुनःपुन्हा येऊन मागे सरत राहिले आणि अखेर तिथे पोहोचता येत नाही असे सांगून डॉककडे, म्हणजे आपल्या चार्जिंगच्या तळाकडे, परतले. साधे यंत्र त्याच पट्टीला खोलीची कड समजते, वळते, आणि काम पूर्ण झाल्याचे कळवून मोकळे होते. म्हणजे लेझरमुळे काम राहिल्याचे आपल्याला कळते तरी. प्रत्यक्ष पट्टी ओलांडण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही यंत्रे सारखीच आहेत.

निदान पक्के करण्याची चाचणी अगदी सोपी आहे. थांबण्याच्या जागी पांढऱ्या कागदाचे मोठे ताव फरशीला चिकटवून पसरावेत आणि यंत्र सोडावे. कागदावरून ते निमूटपणे पुढे गेले तर दोष काळ्या फरशीचाच आहे आणि यंत्र पूर्ण निरोगी आहे. कागदावरही थांबले तर सेन्सरच्या खिडक्या मळलेल्या असण्याची शक्यता मोठी. यंत्र बंद करून, उलटे ठेवून, त्या खिडक्या कोरड्या मऊ सुती कापडाने पुसाव्यात. लाल मातीची धूळ फार बारीक असते आणि दमट हवेत काचेवर थर धरून बसते, त्यामुळे आठवड्यातून एकदा हे पुसणे आमच्याकडे आवश्यकच आहे. पहिले काही महिने राखाडी शहाबादी फरशीवर उत्तम चाललेले यंत्र पुढे त्याच फरशीवर अडू लागते तेव्हा फरशी तीच असते, फक्त सेन्सर मंद झालेला असतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ओली शहाबादी फरशी कोरड्या फरशीपेक्षा गडद असते, म्हणून हाताने फरशी पुसल्यावर ती पूर्ण वाळेपर्यंत यंत्र सोडू नये.

काळ्या पट्टीवर उपाय म्हणून फिक्या रंगाची, पातळ, झालर नसलेली पट्टी किंवा रबरी मॅट चिकटवावी. तिच्या कडा फरशीला सपाट बसल्या पाहिजेत, नाहीतर साइड ब्रश त्यात अडकतो. पट्टी कायम ठेवणे शोभत नसेल तर केर काढण्याच्या वेळेपुरती ठेवून नंतर उचलावी.

याबाबत एक उपाय मोठ्या प्रमाणावर सांगितला जातो आणि त्याविषयी मला कळकळीने सावध करायचे आहे. क्लिफ सेन्सरवरच पांढरी चिकटपट्टी लावली की यंत्राला सर्वत्र फरशीच दिसते आणि ते काळ्या कडप्प्यावरूनही चालते, हे खरे आहे. पण मग त्याला पायरीही दिसत नाही. सपाट फ्लॅटमध्ये कदाचित हे खपेल. ओटी, पडवी आणि खळे अशा उतरत्या पातळ्या असलेल्या घरात सुमारे तीन किलो वजनाचे यंत्र पायऱ्यांवरून खाली जाणे म्हणजे यंत्राचा नाश, आणि खाली रांगते मूल किंवा म्हातारे माणूस बसलेले असेल तर इजा. लेझर यंत्राच्या ॲपमध्ये "येथे जाऊ नको" अशी काल्पनिक रेघ ओढता येते, परंतु यंत्र उचलून दुसरीकडे ठेवल्यावर किंवा नकाशा सरकल्यावर ती रेघ चुकू शकते, म्हणून पायरीच्या बाबतीत केवळ त्या रेघेवर विसंबू नये. ज्या दारापुढे पायरी आहे तिथे जेवणाचा लाकडी पाट आडवा, कडेवर उभा करून ठेवावा. यंत्राच्या बंपरला तो लागतो आणि ते वळते.

उंबरठ्याची गोष्ट वेगळी. दोन्ही प्रकारची स्वस्त यंत्रे साधारण दीड ते दोन सेंटिमीटर उंचीचा अडथळा चढतात. जुन्या घराचा लाकडी उंबरठा याच्या कितीतरी पट उंच असतो आणि त्यावर कोणतेही सेटिंग चालत नाही. प्रत्येक खोलीत यंत्र नेऊन ठेवणे हाच तिथे व्यवहार्य मार्ग.

ठरावीक वेळी : ऊन आणि कवडसे

डॉक आपली जागा यंत्राला अवरक्त प्रकाशाच्या झोताने कळवतो, आणि सूर्यप्रकाशात हाच प्रकाश मोठ्या प्रमाणात असतो. पूर्वेच्या दारातून सकाळचे तिरपे ऊन डॉकवर पडत असेल, किंवा छपरातील काचेच्या कौलातून येणारा कवडसा दहा-अकराच्या सुमारास त्याच्यावर सरकत असेल, तर यंत्र डॉकजवळ येऊनही त्याला शोधत फिरते आणि बॅटरी संपून तिथेच थांबते. डॉक हलवून सावलीच्या भिंतीला लावावा, त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे अर्धा मीटर आणि समोर दीड मीटर जागा मोकळी सोडावी. लेझर यंत्राला डॉकची जागा नकाशावरून आठवते, त्यामुळे ते निदान जवळपर्यंत नेमके येते, मात्र शेवटचे काही सेंटिमीटर जुळवून घेण्यासाठी त्यालाही तोच झोत दिसावा लागतो.

लेझरला त्रास देणारी गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे आरसा आणि काच. जमिनीपर्यंत पोहोचलेल्या आरशाच्या कपाटात त्याला पलीकडे आणखी एक खोली दिसते आणि ते नकाशात भलतीच जागा वाढवते. आरशाच्या खालच्या भागावर, बुरुजाच्या उंचीपर्यंत, अपारदर्शक कागदाची पट्टी चिकटवली की हा प्रकार थांबतो.

पावसाळ्यात : संपर्कपट्ट्यांवरचे मीठ

समुद्राजवळच्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात आणि ते घरातील प्रत्येक धातूवर बसतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतील पाणी ओढून घेऊन स्वतः विरघळू लागते, आणि कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतांश काळ त्याहून वरच असते. यंत्राच्या पोटाशी आणि डॉकवर चार्जिंगसाठी धातूच्या दोन-दोन पट्ट्या असतात. त्यांच्यावर मिठाच्या पाण्याचा अदृश्य थर बसतो, त्यातून वीज वाहते आणि धातू गंजू लागतो. काळसर डाग किंवा हिरवट थर दिसला तर कारण सापडले असे समजावे.

याचे लक्षण फसवे असते. यंत्र डॉकवर व्यवस्थित बसलेले दिसते, दिवाही लागलेला असतो, परंतु संपर्क अधूनमधून तुटत असल्याने बॅटरी पूर्ण भरत नाही. सकाळी ते निघते, वीस-पंचवीस मिनिटांत थकते आणि परतीच्या वाटेवर बंद पडते. बरेच जण या टप्प्यावर नवी बॅटरी मागवतात. त्याआधी पुढील क्रम करून पाहावा.

डॉकचा प्लग काढावा आणि यंत्र त्याच्या मुख्य बटणाने बंद करावे. चारही पट्ट्या पेन्सिलच्या स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने घासाव्यात, त्याचा चुरा ब्रशने झटकावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पुसून पूर्ण वाळू द्यावे. हे अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीच्या किंवा औषधांच्या दुकानात मिळते. सँडपेपर वापरू नये, कारण पट्टीवरचा निकेलचा संरक्षक मुलामा त्याने निघून जातो आणि पुढचा गंज आणखी वेगाने चढतो. गंजू नये म्हणून खोबरेल तेल लावण्याचा सल्लाही मी ऐकला आहे. तेलावर धूळ चिकटते आणि संपर्क अधिकच बिघडतो, तेव्हा तेही टाळावे. त्यानंतर यंत्र रात्रभर चार्ज करून एकाच खोलीत चालवून पाहावे. पूर्वीइतका वेळ चालले तर बॅटरी चांगली आहे. स्वच्छ पट्ट्यांवर पूर्ण चार्ज होऊनही ते लवकर थकत असेल तर मात्र बॅटरीचे वय झाले आहे. लिथियम बॅटरीची क्षमता काहीशे वेळा चार्ज झाल्यावर उतरू लागते आणि यंत्र रोज चालत असेल तर दोन-तीन वर्षांत हे अपेक्षितच आहे.

या बाबतीत दोन्ही यंत्रे सारखीच हळवी आहेत, फक्त परिणाम वेगळे. अनेक लेझर यंत्रे मध्येच जाऊन चार्ज होतात आणि जिथे सोडले होते तिथून काम पुढे चालू करतात, त्यामुळे कमकुवत बॅटरी कित्येक दिवस लक्षातच येत नाही. साधे यंत्र बहुधा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते, म्हणून दाराजवळचा भाग रोज झाडला जातो आणि दूरचा कोपरा कधीच नाही.

पावसाळ्यातील दुसरी अडचण फिल्टरची. ज्या फिल्टरला धुण्याची परवानगी माहितीपुस्तिकेत दिली आहे तोच धुवावा आणि सावलीत किमान चोवीस तास वाळवावा. आमच्याकडे जुलै महिन्यात चोवीस तासांत काहीच वाळत नाही. दमट फिल्टर बसवला की त्यावर लाल धूळ चिखलासारखी बसते, हवा अडते, मोटरवर ताण येतो, वास सुटतो आणि यंत्र पंख्याचा दोष दाखवून थांबते. दोन-तीन फिल्टर आळीपाळीने वापरावेत आणि पावसाळ्यात शक्यतो धुण्याऐवजी झटकून, मऊ ब्रशने साफ करावेत. पोछाची सोय असलेल्या यंत्राने या दिवसांत पोछा न केलेलाच बरा, कारण फरशी वाळत नाही आणि पोछाच्या कापडाखाली सापडलेला वाळूचा कण घोटलेल्या कोब्यावर कायमची रेघ उठवतो.

कोणताच मेळ लागत नसेल तेव्हा : पुळण, काथ्या आणि वीज

किनाऱ्यालगतच्या घरांत पुळणीवरची वाळू पायांबरोबर आत येते. हा कठीण, तीक्ष्ण कडांचा कण आहे. तो पुढच्या लहान चाकाच्या खोबणीत जातो, साइड ब्रशच्या दंतचक्रात जातो, आणि यंत्र थांबते. पुढचे चाक बहुतेक यंत्रांत हाताने ओढले की बाहेर येते. ते काढून खोबणी साफ करावी. काही यंत्रांत हे चाक अर्धे काळे आणि अर्धे पांढरे असते, कारण ते फिरते की नाही हे यंत्र त्या रंगांवरून ओळखते. चाकावर लाल मातीचा लेप बसला की रंगांतला फरक पुसला जातो आणि यंत्र चालत असूनही स्वतःला अडकलेले समजते. हे कारण फार कमी जणांना सुचते आणि ओल्या फडक्याने चाक पुसून, वाळवून बसवले की दोष जातो.

वाळूचा दुसरा परिणाम केवळ साध्या यंत्रावर गंभीर होतो. वाळूवर चाके घसरतात, फेरे मोजले जातात पण अंतर कापले जात नाही, आणि जायरोस्कोपचा सगळा हिशेब सरकतो. मग ते झाडलेला भाग पुन्हा झाडते आणि न झाडलेला सोडून देते. लेझर यंत्र भिंती पाहून ही चूक भरून काढते. या एका मुद्द्यावर लेझर निर्विवाद सरस आहे. तरीही दोन्ही बाबतींत माझा आग्रह असा की ओटी आणि दारापुढची वाळू आधी हिराच्या केरसुणीने काढावी आणि मग यंत्र सोडावे. साइड ब्रश वेगाने फिरताना वाळू उडवतो आणि ती कोपऱ्यांत भिरकावली जाते, म्हणून सोय असल्यास शांत गती निवडावी.

नारळाचा काथ्या, सुरूची सुईसारखी पाने आणि केस मुख्य ब्रशच्या दोन टोकांना, धातूच्या दांड्याभोवती गुंडाळले जातात. मधला भाग स्वच्छ दिसतो म्हणून आपण फसतो. टोकाची टोपी काढून आतला गुंडा कापून काढावा.

वीज जाणे हे कारण सर्वांत कमी ओळखले जाते. यंत्र फिरत असताना वीज गेली की डॉकचा झोत बंद होतो, आणि परत आलेल्या यंत्राला घर सापडत नाही. साधे यंत्र बॅटरी संपेपर्यंत खोलीभर भटकते. लेझर यंत्र डॉकच्या जागेसमोर येऊन थांबते, त्यामुळे निदान पलंगाखाली हात घालून शोधावे लागत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर डॉक त्या लाइनवरील प्लगला जोडावा. त्याचा भार अगदी थोडा असतो.

वाय-फायमुळे यंत्र थांबते ही समजूत चुकीची आहे. ही यंत्रे साधारणपणे २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात आणि जाड चिऱ्याच्या भिंतीपलीकडे संपर्क तुटतो, परंतु त्याने फक्त ॲप बंद पडते. केर काढणे चालू राहते.

कोणत्या घराला कोणते यंत्र

ज्या घरात प्रत्येक खोली उंबरठ्याने वेगळी झाली आहे, यंत्र हातानेच खोलीखोलीत न्यावे लागते आणि पलंग खुजे आहेत, तिथे लेझरचा संपूर्ण घराचा नकाशा वापरातच येत नाही. अशा घरासाठी मी साधे, कमी उंचीचे यंत्र घ्यायला सांगेन. मात्र त्याला नेहमी एकाच जागेवरून सुरू करावे, मध्ये उचलू नये आणि खोलीचे दार लोटून घ्यावे. रत्नागिरी, चिपळूण, अलिबागकडच्या फ्लॅटमध्ये सलग विट्रिफाइड टाइल्स असतात, दारांत उंबरठे नसतात, आणि तिथे लेझरसाठी मोजलेले जादा पैसे पूर्ण वसूल होतात. समुद्रालगत, वाळू सतत आत येणाऱ्या सलग फरशीच्या घरातही लेझरच घ्यावा. गणपतीत किंवा लग्नकार्यात सामान हलवले असेल तर त्याला नकाशा पुन्हा काढू द्यावा. घरात काळी फरशी जास्त असेल तर कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी ओळखीच्या कुणाचे यंत्र आणून तिच्यावर फिरवून पाहावे, आणि ते अडले तर खरेदीचा विचार तिथेच थांबवावा. दोहोंपैकी काहीही निवडले तरी त्याचा साइड ब्रश, फिल्टर आणि बॅटरी सुटी मिळते का हे बिल करण्यापूर्वी विचारावे.

घर बंद करून मुंबईला जाणाऱ्यांनी यंत्र डॉकवर ठेवून जाऊ नये. बॅटरी निम्मी भरलेली असताना मुख्य बटण बंद करावे, कचऱ्याचा डबा रिकामा करून कोरडा करावा, फिल्टर वेगळा काढावा आणि यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत, भिंतीपासून दूर ठेवावे. मध्ये कुणी घर उघडायला येणार असेल तर दोन-तीन महिन्यांनी तासभर चार्ज करायला सांगावे. परतल्यावर आधी डॉकच्या आणि यंत्राच्या पट्ट्या पुसाव्यात, पूर्ण चार्ज होऊ द्यावे, आणि पहिल्या दिवशी यंत्र एकाच खोलीत, आपल्या नजरेसमोर चालवावे.